नझूलच्या जागेतला पाहुणा

आमचं घर सरकारच्या जागेत होतं, आणि ही गोष्ट सरकार सोडून सगळ्यांना माहीत होती. नागपुरात धरमपेठेच्या मागं, नाल्याच्या काठानं नझूलची पडीक जमीन होती. कुहीकडचं गाव सोडून बाबा इतवारीत हातगाडी ओढायला लागले, तेव्हा त्यांनी तिथे कुडाच्या भिंती उभ्या केल्या, वर कवेलू टाकले आणि जय भीम म्हणून आत राहायला गेले. आमच्यासारखीच आणखी घरं झाली, घरांची ओळ झाली, ओळीची बस्ती झाली. पुढं मायनं बिड्या वळून वळून मागच्या अंगाला विटांची एक खोली काढली आणि तिला खराखुरा लाकडी दरवाजा बसवला. दरवाजा इतवारीतल्या एका पाडलेल्या दुकानाचा होता. त्यावरचं ‘बुधवारी दुकान बंद’ काही केल्या पुसलं जात नव्हतं. अख्ख्या बस्तीत आतून कडी लागणारी खोली ती एकच, आणि मायचा त्या कडीवर नवऱ्यापेक्षा जास्त भरवसा होता.

जागेचा कागद कोणाकडेच नव्हता. मग कोण कुठला, कोणाचं काय, हे ठरवायचं कसं? तर बस्तीनं आपला एक कायदा करून ठेवला होता आणि तो चुलीवर चालायचा. दुसऱ्याच्या चुलीवरचं खातो तो पाहुणा. घरवाल्यानं जा म्हटलं की त्यानं जायचं. ज्याची स्वतःची चूल पेटली तो घरवाला. त्याला मग कोणी हलवायचं नाही. मात्र नव्या चुलीचा पहिला विस्तव शेजारच्या चुलीतून मागून आणावा लागे. ज्यानं विस्तव दिला त्यानं शेजार कबूल केला, नंतर कुरकुर करायची सोय नाही. आगपेटी कोपऱ्यावरच्या टपरीवर मिळायची, पण आगपेटीनं पेटवलेली चूल बस्ती मानतच नसे.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कायद्याच्या पहिल्या वर्षाला होते. बस्तीतून कॉलेजात गेलेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे माझं नाक कवेलूच्या वर होतं. रेशनच्या रांगेत कोणी मध्ये घुसला तर मी त्याला इंग्रजीतून कलम ऐकवायची. कलम बहुतेक चुकीचं असायचं, पण तपासणार कोण?

अशा या घरात काका आले. बाबांचे मावसभाऊ, कुहीजवळच्या एका खेड्यातले. बायको वारलेली, पोरबाळ नाही. त्यांच्या बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, गावातलाच एक माणूस नांगर घालून बसला होता आणि त्याला उठवण्यासाठी काकांनी नागपूरला केस टाकली होती. तारखेसाठी म्हणून ते काळा कोट घालून आले. वकिलाचाच वाटावा असा तो कोट होता आणि तशी समजूत झाली तर काका ती मोडत नसत. कोर्टानं पुढची तारीख दिली. कशाला उगाच एसटीचे हेलपाटे, असं म्हणून काकांनी मागच्या खोलीत सतरंजी टाकली. मग पुढची तारीख पडली, तिच्या पुढची पडली. काकांनी कोटासाठी भिंतीत खिळा ठोकला. मला तो खिळा पाहूनच कळायला हवं होतं. जाणारा माणूस खिळा ठोकत नाही.

माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. फुकट होता, एवढंच. चहा आला की म्हणायचे, साखर कमी आहे. भाजी आली की म्हणायचे, आमच्याकडे अशी करत नाहीत. आणि मग ती भाजी पातेलं पुसेपर्यंत खायचे. दुपारी जेवून आतून कडी लावायचे आणि घोरायचे. आमच्या कपड्यांची पेटी त्याच खोलीत. बाबा कामावरून भिजून आले की कोरड्या सदऱ्यासाठी दरवाजाबाहेर बसून राहायचे, पण भावाला उठवायचे नाहीत. बाबांना जन्मात कोणाला नाही म्हणता आलं नव्हतं. मायला येत होतं, पण दिराला कसं म्हणायचं या विचारानं तिचे दात झिजत होते.

तेवढ्यात उमरेडहून निरोप आला. माझी मोठी बहीण तिथे दिलेली. ताईला दिवस गेले होते, आणि हे तिचं दुसरं होतं. पहिल्या वेळी सासरच्यांनी तिला शेवटपर्यंत विहिरीवर पाठवलं होतं आणि लेकरू पोटातच गेलं होतं. त्यानंतर ताई माहेरी आली ती नुसती झोपली. आता तिच्या सासूचा निरोप असा होता की तुमच्याकडे आडोशाची वेगळी खोली असेल तर पाठवतो, त्या उघड्या बस्तीत बाळंतपण नको. नसेल तर इथेच होईल. मायनं निरोप ऐकला, बिडीचं सूप खाली ठेवलं आणि मागच्या दरवाजाकडे पाहत राहिली. आत काका घोरत होते.

त्या संध्याकाळी मायनं काकांना सगळं सांगितलं. पोरीचा जीव आहे, खोली लागेल, तुम्ही आता गावाकडे जा. काका म्हणाले, पुढच्या तारखेनंतर पाहू. माय म्हणाली, तारखेपर्यंत पोरगी थांबायची नाही. तेव्हा काकांनी पाय पसरले आणि शांतपणे म्हणाले, “वहिनी, जागा सरकारची. तुमी सरकारचे पाहुणे, मी बी सरकारचा पाहुणा. एका पाहुण्यानं दुसऱ्याले काहून काढावं?”

हे शहाणपण ते कोर्टात शिकले होते, तेही स्वतःच्या वकिलाकडून नाही. त्यांच्या बांधीवर बसलेल्या माणसाचा वकील दर तारखेला असंच काहीतरी बोलायचा. काका घरून त्याला शिव्या देत जायचे आणि त्याचा मुद्दा घेऊन परत यायचे.

माझं डोकं फिरलं. कब्जा या विषयावर आमच्या सरांनी नुकतंच शिकवलं होतं. ज्याच्या ताब्यात जागा आहे त्याच्याकडे कागद नसला, तरी खऱ्या मालकाखेरीज दुसऱ्या कोणी त्याला धक्का लावायचा नाही. आणि पाहुण्याचा तर कब्जाच नसतो. तो आपल्या परवानगीनं बसलेला असतो, परवानगी काढून घेतली की तो घुसखोर. मी वेणी घट्ट बांधली आणि पोलीस चौकीवर गेले.

हवालदार तर्री-पोहे खात होते. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि माझं भाषण पोह्यांसकट संपवलं. मग विचारलं, जागा कोणाच्या नावावर? मी म्हटलं, सरकारच्या. ते म्हणाले, मग तक्रार करायला सरकारला पाठव. मी पुन्हा कब्जा समजावून सांगितला. त्यांनी विचारलं, पाहुण्यानं चोरी केली? नाही. कोणाला मारलं? नाही. पोरीबाळींकडे वाकडं पाहिलं? मी म्हटलं, ते कोणाकडेच पाहत नाहीत, ते झोपलेले असतात. हवालदारांनी बोटांची तर्री पुसली आणि म्हणाले, “हे पाह्य पोरी. त्याले काढाले मले दंडा घेऊन या लागन. आलो का लिहा लागन, कोणत्या जागेतून काढलं. लिहिलं का नझूलवाले येतीन. अन् मंग त्याच दंड्यानं मले तुह्या मायले बी काढा लागन. बोल, येऊ का?”

मी नको म्हटलं. त्यांनी माझ्यासाठी पोहे मागवले आणि मी ते रागानं खाल्ले.

घरी येऊन मी मायला सांगितलं की पोलिसांच्या हातात काही नाही, पण ताट आपल्या हातात आहे. जेवण बंद केलं की परवानगी बंद झाली. मायला ते पटलं. दुसऱ्या दिवशी काकांना चहा नाही, ताट नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा नाही. काकांनी चुलीकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, कोट घातला आणि बाहेर पडले. मी मनातल्या मनात केस जिंकले.

संध्याकाळी काका परतले ते एका पोत्यात काहीतरी घेऊन. रात्र त्यांनी खोलीतच काढली. पहाटे बाबा हातगाडी घेऊन निघण्याआधी चूल पेटवून पाणी तापवत होते, माय नळावर गेली होती, मी अंथरुणात होते. काका खापराचा तुकडा घेऊन आले आणि म्हणाले, भाऊ, जरासा विस्तव दे गा. बिडी पेटवायला हवा असेल असं समजून बाबांनी दिला. त्यांच्याकडे कोणी काही मागितलं आणि त्यांनी दिलं नाही असं आयुष्यात झालं नव्हतं, मग विस्तव कसा अडेल?

माय भरलेली घागर घेऊन आली तेव्हा मागच्या खोलीपुढं नाल्यातल्या विटांची चूल मांडलेली होती, तिच्यावर खिचडी शिजत होती आणि धूर सरळ आभाळात जात होता. बस्ती उठून बघायला आली. चुलीच्या बाबतीत जिचा शब्द शेवटचा, ती म्हातारी पंच काठी टेकत आली. तिनं विस्तव कुठला हे विचारलं. काकांनी बाबांकडे बोट केलं. बाबांनी मान हलवली. म्हातारीनं चुलीभोवती एक चक्कर मारली आणि नवा शेजारी झाला, असं सांगून निघून गेली. बस्तीचा कायदा आणि माझ्या कॉलेजातला कायदा यांचं सगळ्या जगात फक्त एकाच मुद्द्यावर एकमत होतं, बसलेल्याला हलवायचं नाही, आणि तो नेमका आमच्या विरोधातला निघाला.

माय त्या दिवशी बाबांशी एवढंच बोलली, “बिडीले इतका विस्तव लागते का?”

पाहुणा काढायला गेलो आणि घरवाला करून बसलो. काकांनी मधल्या बोळीत पोत्याचा पडदा टांगला. माझ्या हातून काही राख त्यांच्या बाजूला उडाली तर ते खाकरून दाखवायला लागले. फेरीवर आलेल्या हवालदारांनी दोन्ही चुली पाहिल्या, काकांची खिचडी चाखली आणि निकाल दिला की आता हे पोलिसांचं कामच उरलं नाही, दोघांनी दिवाणी कोर्टात जावं, तिथे तारीख मिळेल. तारीख म्हटल्यावर काकांचा चेहरा उजळला. मला त्या क्षणी कायदा, हवालदार, काका आणि खिचडी या सगळ्यांची एकदम चीड आली.

उमरेडहून दुसरा निरोप आला. येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत कळवा, नाही तर पाठवत नाही. मायनं उत्तर दिलं, पाठवा. खोली? मी विचारलं. ती म्हणाली, “कायद्यानं निंगत नाई नं तो? मंग मानानं काढू.”

बाजाराच्या आदल्या दिवशी तिनं मटण आणलं आणि शेजारणीचा मोठा मटका मागून आणून चुलीवर पालथा घातला. आमच्याकडची लंबी रोटी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते: पातळ भिजवलेली कणीक हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत ताणायची आणि लुगडं वाळत घालावं तशी तापल्या मटक्यावर टाकायची. मायच्या हाताला ती कला होती. रस्स्याचा वास पोत्याच्या पडद्याला विचारायला थांबला नाही. पलीकडे काका पाणीदार वरण ढवळत बसले होते.

मग माय डोक्यावर पदर घेऊन, हातात पाण्याचा तांब्या घेऊन, सगळ्या बस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “भाऊजी, हात धुवा. आज आमच्यात पाहुणे म्हणून या.”

काकांना सापळा दिसला: आमच्या चुलीवरचं पाहुणा म्हणून खाल्लं की ते पुन्हा पाहुणे. मी शपथेवर सांगते, दिसला. त्यांनी वरणाकडे पाहिलं, मटक्याकडे पाहिलं. कायदा आणि नाक यांची एवढी मोठी झटापट मी पुढच्या सगळ्या वकिलीत पाहिली नाही. मायनं त्यांच्या पायांवर पाणी घातलं, पाट मांडला, सगळ्यांच्या आधी त्यांना बसवलं. म्हातारी पंच समोर बसली. हवालदारांनाही बोलावणं होतं. ते साध्या कपड्यात आले होते, टोपी मात्र सरकारी. माय वाढताना दर वेळी मला सांगायची, पाहुण्याले वाढ वं. मी वाढत होते. पाहुण्याले रस्सा दे. मी रस्सा देत होते. काका आधी मान खाली घालून जेवत होते, मग घाम पुसत जेवायला लागले, मग सुखावून जेवायला लागले. शेवटी ताटावर आडवा हात धरून स्वतःच म्हणाले, “बस वं पोरी. पाहुण्याले मारता का आता?”

म्हातारीनं हवालदारांकडे पाहिलं. हवालदारांनी हाड बाजूला ठेवलं. खटला संपला.

काकांनी हात धुतले न धुतले, तोच मायनं टोपी आणि दुपट्टा आणला. मानाचा पाहुणा निघाला की आमच्याकडे त्याला टोपी-दुपट्टा देतात, आणि तो एकदा अंगावर पडला की माणूस माघारी फिरत नाही. काही विसरलं तर दुसरा कोणी पळत जाऊन नेऊन देतो, पण तो उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवत नाही. बाबांनी टोपी घातली, मायनं दुपट्टा दिला, पोरांनी झेंडूचा हार घातला. बाया डोळ्याला पदर लावायला लागल्या, काही तर खरंच रडल्या. एवढ्या गर्दीत काका काय बोलणार? हवालदार आत गेले, काकांची पेटी आणि खिळ्यावरचा कोट घेऊन आले आणि पेटी आपल्या सायकलच्या कॅरिअरला बांधली. पोलिसांना कोणकोणते अधिकार असतात हे मी नंतर पुष्कळ वाचलं. पाहुण्याची पेटी वाहण्याचा अधिकार मला कुठल्याच पुस्तकात सापडला नाही.

बस्ती त्यांना पोचवायला नाल्याच्या पुलापर्यंत गेली. मला दिवसभर हसू आवरत नव्हतं. पुलावर काका थांबले आणि मायला हळूच म्हणाले, “वहिनी, तारीख नाई आता. केस हरलो. कवाच हरलो.”

“माहीत हाय, भाऊजी,” माय म्हणाली. “तुमी कोट घालून निंगत, अन् बगीच्यात बसून येत. कोटाले गवत लागलेलं राहे.”

मग त्यांनी सांगितलं की गावातलं घर त्या केसच्या आधीच गेलं होतं. भिवापूरला धाकटी बहीण आहे, पण तिला जिंकून येतो म्हणून सांगितलं होतं. आता कोणत्या तोंडानं जायचं? मायनं त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा सरळ केला. “असेच जा,” ती म्हणाली. “टोपी-दुपट्टा घेऊन जाऊन राहिले तुमी. तिले सांगजा, नागपुरात मान झाला. पोरगी मोकळी झाली का मंग बारशाले या.”

माझं हसू तिथेच अडकलं. मला काकांची दया आली, आणि आपल्याला यांची दया यावी याचा रागही आला. म्हणजे माय हे सगळं आधीपासून जाणून त्यांना जेऊ घालत होती आणि जाणूनच तिनं त्यांना काढलं होतं. मला वाटलं होतं की ती फक्त माझ्या सल्ल्यानं चालते.

दुसऱ्या दिवशी ताई आली. तिनं दरवाजा वाचला, हसली, आत गेली आणि आतून कडी लावली. आम्ही कोणी हाक मारली नाही. तिथेच, पावसाळा सरता सरता, तिला मुलगी झाली. जिवंत, आणि एवढी ओरडणारी की नझूलवाल्यांनाही ऐकू गेलं असेल.

बारशाला काका आले. खांद्यावर तोच दुपट्टा, धुऊन इस्त्री केलेला, बरोबर धाकटी बहीण. ते सवयीनं गर्दीतून सरळ मागच्या खोलीकडे गेले, दरवाजावर हात ठेवला आणि तो लोटणार तोच थांबले. मी बघत होते, मायही बघत होती. त्यांनी बोटानं दार वाजवलं.

“येऊ का वं पोरी, आत?”

सासरी जिला उठ-बस सांगण्यापलीकडे कोणी कधी काही विचारलं नव्हतं, ती माझी बहीण आतून म्हणाली, “थांबा काका. पोरगी दूध पिऊन राहिली.”

काकांनी दरवाजावरचा हात काढून घेतला. मायनं त्यांना सावलीत या म्हटलं, तर ते नको म्हणाले आणि आतली कडी उघडेपर्यंत तिथेच उन्हात उभे राहिले.